चुलीवर पाणी ओतणारी लाकेर

“आबेर, पोरीची ही नुसती खोडी नाही. लक्ष दे,” शाळेतल्या अलान्यो बाईंनी बजावलं होतं. आबेरनं ते हसण्यावारी नेलं. “लहान आहे हो ती. विसरेल.” तेव्हा मी आबेरच्या हातातच होतो.

मित्रांनो, मी पाण्याचा जुना पिवळा कॅन. आधी माझ्यात तेल होतं. मग गुलू शहराजवळच्या या खेड्यात आठ वर्षं मी हापशाचं पाणी वाहिलं.

बाईंनी बजावलं त्याच्या महिनाभर आधी आबेरच्या गवती घराला आग लागली होती. तिच्या धाकट्या मुलाचा पाय भाजला. पोरांसमोर आगीचं नाव काढायचं नाही, असं मोठ्यांनी ठरवलं आणि सगळ्यांनी तोंडं शिवली.

सहा वर्षांची लाकेर मात्र चूल पेटली रे पेटली की मला ओढत आणायची आणि पाणी ओतायची. रोज. नाचणीचा उंडा कच्चा राहायचा. संध्याकाळी शेकोटीभोवती गोष्टी रंगायच्या, तिथं ती फिरकायची नाही.

“आबेर, तुझी लेक पाऊस पाडायला शिकली वाटतं,” हापशावरच्या बायका चिडवायच्या. मला एकच कोडं पडायचं. हा खेळ असेल, तर पोर हसत का नाही?

लाकेर जेवेनाशी झाली, तेव्हा आबेर धावत बाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, “रागावू नकोस. ती खेळते तेव्हा तिच्या शेजारी बस.”

आबेर बसली. तिनं एकच काडी पेटवली. “कधी विझवायची, तू सांग.” पहिल्या दिवशी लाकेरनं लगेच विझवली. आठवड्यानं काडी दोन बोटांएवढी जळू दिली. आणि एका दुपारी म्हणाली, “आई, त्या दिवशी मी पाणी सांडलं. कॅन अर्धाच आणला. म्हणून बाळाचा पाय भाजला.”

आबेरनं मला उलटं केलं. बुडाला चीर होती. मला ती ठाऊक होती, पण कॅनला कोण विचारतं?

“बघ, हा गळत होता. आणि भरलेला असता तरी ती आग विझली नसती. दहा माणसांनाही नाही विझवता आली.”

“मग तू आधी का नाही सांगितलंस?”

त्या संध्याकाळी शेकोटीपाशी आबेरनं आगीची गोष्ट सांगितली, पहिल्या ठिणगीपासून धाकटा पुन्हा चालू लागला तिथपर्यंत. लाकेर जरा लांबच बसली, पण उठून गेली नाही. अजूनही एखाद्या दिवशी ती चूल विझवते.

आता माझ्यात मिरचीचं रोप आहे. हापशाकडे निघालेल्या बायकांना आबेर माझ्याजवळ थांबवते. ती त्यांना सांगते, तेच तुम्हीही ऐका: “घरात, शेजारी एखादं पोर न हसता एकच खेळ पुन्हा पुन्हा खेळत असेल, तर आज त्याच्याजवळ जाऊन बसा. आपलंच काही चुकलं असं त्याला वाटतंय का, एवढं विचारा.”