शिरवण्याच्या विहिरीचा नमुना

१९९६ साली मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन एका न्यासात नोकरीला लागले. काही कारखानदारांनी मिळून काढलेला हा न्यास आसपासच्या गावांना छोट्या कामांसाठी अनुदान द्यायचा. अर्ज आला की जागा पाहणं आणि काम पाण्याचं असेल तर नमुना तपासणं माझ्याकडे होतं.

शिरवण्याच्या महिला मंडळाला विहिरीचा गाळ काढून कठडा बांधायचा होता. मंडळाच्या अध्यक्ष राजाबाई सत्तरीच्या. "जमिनी गेल्या, मिठागरं गेली," त्या म्हणाल्या. "ही तेवढी आमची हाय."

विहीर चांगली भरलेली होती. फुटक्या कठड्याला हळदकुंकू, पाण्यावर झेंडू.

"रोज पाणी काढता ना?" मी विचारलं.

"रोज. नळाला येतं त्याला पानी म्हनतात होय, बाय?"

बायका हसल्या. मी वहीत 'रोजचा वापर' असं लिहिलं आणि बाटली खाली सोडली.

पाण्याला वास होता. विरघळलेला ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच; पाण्यात काही कुजत असलं की तो संपतो. रोज उपसा असून ही अवस्था, म्हणजे कुठून तरी सांडपाणी मुरतंय, असा निष्कर्ष मी काढला. आकडे दोनदा तपासले. न्यासाने दुरुस्ती नाकारली, पण गावाला काहीतरी मिळावं म्हणून विहीर बुजवून तिथे बाग करायला अनुदान दिलं. गावातल्या पुरुषांनी सह्या केल्या.

काम पाहायला गेले तेव्हा लाल मातीत क्रोटनची रोपं लागली होती. राजाबाई नव्या बाकावर बसल्या होत्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, त्यामुळे मला बोलणं जड गेलं.

"तू येनार म्हनून इहिरीची ओटी भरलेली," त्या म्हणाल्या. "घराघरातनं तांदूळ, नारळ."

"तांदूळ पाण्यात टाकले?"

"मंग कुठं? दोन पायली तरी आसंल. आनि आठ दिस कोनी कळशी बुडवली नाय. पावन्यांना भरलेली दिसाया पायजे ना."

"पण मी विचारलं होतं, रोज काढता का."

"रोजच काढायचो. त्या आठ दिसांचं तू कुठं इचारलंस?"

आठ दिवस साचलेलं पाणी आणि तळाशी कुजणारा तांदूळ. आधी उपसा करायचा, ताजं पाणी येऊ द्यायचं, मग नमुना घ्यायचा, हे मला माहीत होतं. झेंडू तर मी स्वतःच्या हाताने बाजूला सारला होता.

मी त्यांना हे सगळं समजावून सांगितलं.

"मंजे पानी चांगलं होतं?"

सांडपाणीही मुरत असेल, नसेलही. तपासायला आता पाणीच उरलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"ओटीचं बाकीच्यांना सांगू नको," त्या म्हणाल्या. "त्यांना वाटंल, आपुनच मारली."

दुसऱ्या दिवशी मी न्यासाला पत्र दिलं. नमुना घेताना माझ्याकडून चूक झाली, एवढंच त्यात लिहिलं.