तुडूमावरचा एकच हात

आसगावात नत्थू पाणकरासमोर लढाईचं नाव काढायची कोणाची छाती नव्हती. भिऊन नव्हे हो, वेळ जातो म्हणून! एकदा का हा गडी सुरू झाला, की बैल सुटून धानात शिरले तरी त्याचं संपत नसे.

"तलाव एक, तं तुडूमावर हात एक," इथून सुरुवात व्हायची. तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीतलं पाणी सोडायचं दार. त्याच्या खुंट्या काढायच्या नि ठोकायच्या, हे काम नत्थूच्या घराकडे त्याच्या आज्यापासून. "दोन हात झाले, का एक म्हनते मी सोडलं नाही, दुसरा म्हनते मले कोनी सांगतलं नाही. अन् धानाची बांधी फुटते तिसऱ्याची. तसंच फौजेचं. जमिनीवरची अलग, विमानाची अलग, समुद्रातली अलग. कायले? एक करा ना बापा! एकाच्या हाती द्या!"

लोक हसायचे. पोरं त्याला 'जनरलसाहेब' म्हणायची. तलाठ्याला सांगून झालं, मतं मागायला आलेल्या पुढाऱ्यांना सांगून झालं, तलाव मोजायला आलेल्या इंजिनिअरला पाळीवर उन्हात उभं करून सांगून झालं. इंजिनिअर घाम पुसत म्हणाला, "बाबा, हे दिल्लीचं काम आहे." नत्थू म्हणाला, "मंग दिल्लीले सांगा. तुमी तं शिकलेले आहा."

तर हसा खुशाल. पण आधी ऐकून घ्या, मग हसता येतं का बघा.

नत्थूला दोन पोरं. थोरला गोपीचंद पायदळात गेला, धाकटा भोजराज विमानदळात लागला. विमान चालवायला नव्हे, विमानाच्या तारा-यंत्रं दुरुस्त करायला. दोघं एका वेळी सुट्टीवर आले म्हणजे देवकाबाईच्या अंगणात बघण्यासारखं असायचं. एकाची वर्दी मातकट हिरवी, दुसऱ्याची निळी. गोपीचंद म्हणायचा, "तुमी विमानवाले म्हंजे सासरवाडीचे जवाई. वरून येता, खाऊन जाता." भोजराज म्हणायचा, "अन् तुमी चिखलात लोळनारे हेले." हेला म्हणजे आमच्याकडे रेडा. माय चुलीपुढून ओरडायची, "अरे, भांडता का जेवता?" नि नत्थूच्या मिशीत हसू मावत नसे.

एकाहत्तरच्या लढाईत गोपीचंद गेला. तार आली, सरकारी माणूस आला, शाळेत पोरांना उभं करून दोन मिनिटं शांतता पाळली. 'वीरगती' म्हणाले. नत्थूनं ते छातीवर दगड ठेवून गिळलं. गावागावातले जात होते, त्यात आपलाही गेला.

मग उन्हाळ्यात शेजारच्या कोंढा गावचा धनीराम आला. गोपीचंदाच्याच तुकडीतला, एका हाताला पट्टी बांधलेला. तो नत्थूला तलावाच्या पाळीवर घेऊन गेला नि खाली मान घालून बोलला. गोपीचंदाच्या तुकडीनं पहाटेच एक वस्ती घेतली होती. घेतली, असं त्यांनी मागं कळवलंही होतं. पण तो निरोप फौजेच्या शिडीनं वर चढायचा, तिथून पलीकडे विमानवाल्यांकडे जायचा, नि मग त्यांच्या शिडीनं खाली उतरायचा. तो उतरायच्या आधी विमानं आली. आपलीच. वस्ती अजून वैऱ्याची आहे असंच त्यांना माहीत होतं.

"कोनाची चूक नाही काका," धनीराम म्हणाला. "कोनी झोपलं नव्हतं. आम्ही खालून हात हालवत होतो. गोपीनं अंगावरची चादर काढून हालवली."

कोणाची चूक नाही! हे एक वाक्य नत्थूच्या उरात काट्यासारखं मोडलं. चूक असती तर त्या माणसाला शिव्या देता आल्या असत्या. इथं माणूसच नाही. नुसत्या दोन शिड्या.

त्याच साली दिवाळीच्या सुमाराला भोजराज सुट्टीवर आला. घरात हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान कापून आला होता. आमच्याकडे नव्या धानाचा पहिला भात एका चुलीवर शिजतो नि घरातली झाडून सगळी माणसं एका पंगतीत बसून तो खातात. वेगळे निघालेले, एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊसुद्धा त्या दिवशी येऊन मुकाट बसतात. देवकाबाईनं गोपीचंदाचंही पान मांडलं. भोजराज त्या पानाशेजारी बसला. त्याच्या अंगात निळी वर्दी होती. मायनंच हौसेनं घालायला लावली होती. नत्थूनं भाताचा पहिला घास उचलला नि त्याच्या तोंडून सुटलं, "तुमच्या विमानानं मारलं त्याले. तुमी एक असते, तं तो आज इथं जेवत असता."

भोजराज भरल्या ताटावरून उठला. हात धुतला नाही. पिशवी घेतली नि रस्त्यानं चालू लागला, तो गेलाच. त्यानंतर मनिऑर्डर यायची, माणूस यायचा नाही. लग्नसुद्धा त्यानं तिकडेच, नोकरीच्या गावी केलं.

नि देवकाबाई? ती बाई ओरडली नाही, रडली नाही. तिनं आपल्या पानातला नवा भात उचलून ठेवला नि म्हणाली, "माहा भोजा या पंगतीत बसन, तवाच नवं माह्या तोंडात जाईन." तेव्हापासून ती जुन्या तांदळाचा भात खायची. सगळं गाव नवं खायचं, तिच्यासाठी गेल्या सालचं वेगळं ठेवलेलं असायचं. जुना तांदूळ पोटाला हलका, हे मलाही ठाऊक आहे, उगाच शहाणपण सांगू नका! पण कापणीच्या दिवसांत घरभर नव्या भाताचा वास सुटलेला असताना एका बाईनं चुलीशी बसून आपली वेगळी हंडी चढवायची, साल दर साल, हे बघवत नाही.

नत्थूला ते बघवत नसे, म्हणून तो बोलत सुटे. दोन फौजा एक झाल्या असत्या तर गोपी मेला नसता, भोजा उठला नसता, देवका जुनं खात बसली नसती. त्याचं सगळं दुःख त्या एका तुडूमापाशी येऊन अडलं होतं.

दहा वर्षं अशी गेली. ब्याऐंशीत भोजराज विमानदळातून सुटला नि जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत लागला. जवाहरनगर कुठं? इथं, भंडाऱ्याच्या पलीकडे! एवढ्या जवळ येऊनही पोरगा गावाकडे फिरकला नाही. तेव्हा नवा धान कापून आला तसं देवकाबाईनं फडक्यात थोडा नवा तांदूळ बांधला नि नत्थूच्या हातात दिला.

"त्याले घेऊन या," ती म्हणाली. "अन् माही शपथ आहे तुमाले. फौजेचं, विमानाचं एक अक्षर काढाल तं माहं मेलेलं तोंड पाहाल. तो म्हनन तेच बराबर म्हना. मेला तो गेला. जित्याले आना."

नत्थूनं मान हलवली. भंडाऱ्याला गाडी बदलून तो जवाहरनगरला उतरला तो रविवार होता. सारखे सारखे क्वार्टर, दारात तुळस, दोरीवर खाकी कपडे. भोजराजानं दार उघडलं. कानशिलं पांढरी झाली होती पोराची. तो वाकून पाया पडला. सून मंदाबाईनं पाणी आणलं.

धानाचं विचारून झालं, तलावाचं विचारून झालं. मग भोजराजानं विचारलं, "माय खाते ना बराबर?"

"खाते," नत्थू म्हणाला. "जुनंच खाते अजून."

भोजराजानं फडक्यातला तांदूळ चिमटीत घेऊन बघितला. मग म्हणाला, "दुपारच्या गाडीनं निघू. मी येतो."

अहाहा! नत्थूला वाटलं आत्ताच उठावं नि आसगावपर्यंत पळत जाऊन सांगावं. मंदाबाई आत पिशवी भरायला लागली. चहा झाला. सगळं जमलं होतं हो, सगळं!

तेवढ्यात शेजारचे दोघं आले. पुंडलिकराव पायदळातले जुने सुभेदार, हिरालाल नौदलातून आलेला. रविवारी भोजराजाच्या ओसरीवर यांची बैठक असायची, नि बैठकीत एकमेकांची टर उडवायची.

"कॅन्टीन तीन, वर्द्या तीन, साहेब तीन," पुंडलिकराव बसता बसता म्हणाले. "मी म्हणतो, तिन्ही फौजा एकच करून टाका. खर्च वाचेल नि डोकं पण."

"करा की," हिरालाल म्हणाला. "मग आमच्या जहाजावर तुम्हाला चढवू. पहिल्याच लाटेला आतडी बाहेर येतील, सुभेदारसाहेब. जिसका काम उसी को साजे! समुद्र ज्यानं पाहिला नाही तो समुद्राचा हुकूम काय देणार?"

"अहो, पण लढताना एकाला दुसऱ्याचं कळायला नको?"

"कळायला एकत्र बसा. एक कशाला व्हायला पाहिजे? हातात हात घालून चाललो म्हणजे हात कापून एक करायचा का?"

दोघंही हसले. मग पुंडलिकराव नत्थूकडे वळले. "काय बुवा, तुम्ही मोठे आहात. तुमचं काय म्हणणं? एक कराव्या का वेगळ्या ठेवाव्या?"

दहा वर्षांत नत्थूला हे कोणी आपण होऊन विचारलं नव्हतं. एकानंही नाही! नि आज विचारत होता तो खरा फौजेतला माणूस, समोर बसून, कान देऊन. नत्थूच्या जिभेवर तलाव आला, तुडूम आला, बांधी आली, चादर हलवणारा गोपी आला. त्यानं भोजराजाकडे बघितलं. भोजराज त्याच्याकडेच बघत होता, टक लावून.

नत्थूला देवकाबाईची शपथ आठवली.

"अलग आहे तेच बराबर आहे," तो म्हणाला. "मोठ्या लोकायले जास्त समजते. चूक कोनाचीच नसते. झालं ते झालं."

"वा!" हिरालालनं मांडीवर थाप मारली. "ऐका सुभेदारसाहेब!" थोडा वेळ बसून दोघं निघून गेले.

भोजराजानं रिकामे कप बाजूला सारले. मग हळूच म्हणाला, "बाबा, हे तुमी बोलले?"

"होय बापा. सोडलं मी ते. चाल आता, गाडी चुकन."

"कायले सोडलं?" भोजराजाचा आवाज फाटला. "मी त्या दिवशी ताटावरून काहून उठलो, माहीत आहे तुमाले? तुमी खोटं बोलले म्हनून नाही. खरं बोलले म्हनून! ज्या तळावरून विमानं गेली, त्याच तळावर मी होतो. कोनतं विमान माह्या हातून दुरुस्त होऊन गेलं अन् कोनतं नाही, मले आजपर्यंत माहीत नाही. कोनाले विचारू? जो तो म्हनते, चूक कोनाची नाही, चूप राह्य. या दुनियेत एकच मानूस चूप बसला नव्हता. गावचे लोक येऊन सांगत, तुह्या बापाचं अजून सुरूच आहे. मले बरं वाटे. वाटे, कोनीतरी दादाच्या बाजूनं उभं आहे."

नत्थूनं त्याचा हात धरला. "अरे, तुह्या मायनं शपथ घातली मले! मी मनातून नाही बोललो. तीन फौजा एकच पायजे, मी आजबी म्हनतो. बलाव त्यायले, आता सांगतो!"

"आता काही सांगा," भोजराज म्हणाला, "मले खरं वाटनार नाही. बाबा, मी येतो म्हटलं ते याच्यासाठी, का पंगतीत तुमी पुन्हा तेच बोलाल, अन् या खेपेले मी उठनार नाही. दादाच्या पानाजवळ बसून आयकीन. आता काय तोंड घेऊन बसू? दादाले काय सांगू, का बाबानंबी माफ करून टाकलं? मले माफी नव्हती पायजे."

आत मंदाबाईचा पिशवी भरणारा हात थांबला होता. थोड्या वेळानं तिनं त्यातले कपडे एकेक करून परत खुंटीवर टांगले. नत्थू पोराच्या पायाशी बसला, बाप असून बसला. भोजराजानं त्याला उठवलं, फाट्यापर्यंत सोडलं, गाडीत जागा करून दिली. तांदळाचं फडकं त्यानं घेतलं नाही.

गाडीत शेजारच्या माणसानं विचारलं, "कोन्या गावचे?" नत्थूनं मांडीवरचं फडकं पुढं केलं, "नवा तांदूळ आहे," म्हणाला. ज्या बोलण्यानं पोरगा गेला होता, त्याच बोलण्यावर पोरगा जगत होता, नि ते बोलणं त्यानं आज आपल्या हातानं बुजवलं होतं. तुडूमावर हात एकच होता. त्याचाच.

दिवेलागणीला तो घरी पोचला. देवकाबाईनं अंगण सारवलं होतं. ओसरीत चार पानं मांडली होती, त्यातलं एक गोपीचंदाचं. ती रस्त्याकडे बघत होती. एकटा नत्थू वळणावरून येताना तिनं पाहिला, नि त्याच्या मागं, आणखी मागं, रस्ता रिकामा होईपर्यंत बघत राहिली.

"तुमी बोलले," ती म्हणाली.

"नाही बोललो," नत्थू म्हणाला. "तुही शपथ, एक अक्षर नाही बोललो." नि तो उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडायला लागला.

देवकाबाईनं त्याच्या हातातलं फडकं घेतलं. मांडलेली पानं उचलली. तांदूळ घेऊन ती आत गेली नि धान्य साठवायच्या बांबूच्या दुसऱ्या ढोलीत, आपल्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या तांदळाशेजारी तिनं तो ओतला.

"राहू द्या," आतून तिचा आवाज आला. "पुढच्या सालापर्यंत हाबी जुना होते."