आढीतली वाइन

मातीच्या बिंदगीवरचं फडकं बाजूला झालं की आंबिलीचा थंड, आंबटसर गंध येतो, आणि त्या गंधामागोमाग ताई येते. येळवसेच्या सकाळी, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, चाकूरजवळच्या आमच्या रानात हरभऱ्यावर दव असायचं, ज्वारी पोटऱ्यात आलेली असायची आणि ताई कोवळ्या उन्हात बिंदगीवर ओणवी होऊन, डोळे मिटून, दीर्घ श्वास घ्यायची. ताक आणि ज्वारीचं पीठ रात्रभरात नीट आंबलं की नाही, हे ती चव न घेताच सांगे. मान किंचित डावीकडे, कपाळावर आलेली एक बट, आणि दुरून आलेली हाक ऐकावी तशी एकाग्रता. ताई म्हटलं की मला तो एक श्वासच आठवतो.

त्या नाकानंच तिला दूर नेलं. लातूरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकली, मग नाशिकला वाइनच्या कारखान्यात गेली, आणि आता उत्तर स्पेनमध्ये, रिओहाच्या डोंगरउतारांवर, ओकच्या पिंपांतली तांबडी वाइन हुंगत तिचे ऋतू सरतात. "हितंबी आंबवायचंच काम हाय गं आई," असं ती फोनवर हसून सांगते. ते हसू ऐकलं की घर आणखीच रिकामं वाटतं.

मागं एकदा, येळवस टळून गेल्यावर, ती धावतपळत आली तेव्हा तिथल्या वाइनची एक बाटली घेऊन आली. त्या वाइनसोबत काय खातात हे सांगताना ती हवेतच ताट वाढत होती: द्राक्षवेलींच्या वाळल्या काड्यांवर भाजलेली कोकराची बरगडी, मेंढीच्या दुधाचं चीज, निखाऱ्यावर भाजून सोललेल्या लाल मिरच्या. मग थांबली आणि म्हणाली, "पण खरं सांगू? आपल्या भज्जीसंगं लई जमंल." भज्जी म्हणजे आमची येळवसेची, तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे कोवळे दाणे आणि हाताला लागेल ती भाजी बेसनात शिजवलेली, जोडीला बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे. बाटली उघडायची ती रानात, ताई येईल त्या येळवसेला, असं ठरलं. निघताना एवढंच म्हणाली, "ठेवल्यानं ही पिकती, आई."

आईनं ते शब्दशः घेतलं. आंबे पिकवायला आढी घालतात तशी तिनं बाटली माळ्यावर गवतात पुरली, आणि दर अमावास्येला तिची कूस बदलू लागली. वर पत्रा आहे, उन्हाळ्याच्या धगीनं वाइन नासते, हे मी परोपरीनं सांगून पाहिलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि बाटली फिरवून ठेवली.

यंदाच्या येळवसेला रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी केली, आत पूजेला पाच पांडवांचे दगड चुन्यानं रंगवून मांडले. पंगत बसता बसता ताईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे नुकतं उजाडत होतं. रजा यंदाही मिळाली नव्हती. सगळ्यांची विचारपूस करून झाल्यावर ती म्हणाली, "आता उघडा ती बाटली. माझी वाट नका बघू."

किती सहज म्हणाली ती.

आईनं शालीत गुंडाळून आणलेली बाटली मांडीवर घेतली. आंबा दाबून पाहावा तसा काचेवर अंगठा दाबला. मग बुचाशी नाक नेलं आणि डोळे मिटले. मान किंचित डावीकडे. ताईची ती लकब कुठून आली, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"अजून पिकली न्हाई, माय," आई म्हणाली. "पुढल्या येळवसेला बघू."

पडद्यावर ताईनं मान डोलावली. मग नुसतं "हाव" म्हणाली.

संध्याकाळी बाटली पुन्हा माळ्यावर गवतात गेली. आतली वाइन केव्हाच उतरली असेल, हे मला ठाऊक आहे, आणि आईलाही ठाऊक असावं. काळानं आत काय करून ठेवलं असेल ते असो. बूच निघालं नाही तोवर ताई यायची आहे.