दोन नंबरची पायरी

मित्रांनो, माझ्यावर उभं राहण्याचं स्वप्न कुणीच पाहत नाही. मी बक्षीस समारंभातल्या मंचाची जुनी पायरी आहे, आणि तीही दुसऱ्या क्रमांकाची.

फिनलंडमधल्या एका तळ्याकाठच्या गावात तावेत्ती नावाच्या सुताराने आम्हा तिघी बहिणींना बर्चच्या लाकडातून घडवलं. स्केटिंग करणाऱ्या मुलींच्या बुटांना पोलादी पाती असतात, म्हणून मंचावर गालिचा ठोक, असं सगळे त्याला सांगत होते. "लाकडाला कसली गोधडी पांघरायची?" असं म्हणून त्याने तो विषयच संपवला.

गावच्या चषकासाठी दर हिवाळ्यात इर्मेली यायची. ती बेकरीवाल्याची लेक, तिच्या लोकरी हातमोज्यांना वेलदोड्याच्या पावाचा वास यायचा. बर्फावर ती फार सुंदर नाचायची. पण तिच्याच वयाची मार्युक्का हवेत उडी घ्यायची, तेव्हा लोक हातातली कॉफी प्यायची विसरायचे. पहिली मार्युक्का, दुसरी इर्मेली, हे वर्षानुवर्षं ठरलेलंच होतं. इर्मेली इतक्या वेळा माझ्यावर उभी राहिली, की तिच्या पात्यांनी माझ्या लाकडात दोन खाचा पडल्या. टाळ्या सगळ्या शेजारच्या बहिणीकडे जायच्या. फोटोवालेही तिकडेच. मला फार एकटं वाटायचं, आणि इर्मेलीलाही वाटत असणार.

"पुढच्या वर्षी उशिरा आलीस तरी चालेल पोरी, तुझी जागा राखून ठेवतो!" तावेत्ती थट्टेने म्हणायचा.

"माझ्या नावाची पाटीच ठोका ना तावेत्तीकाका," ती हसून म्हणायची. पण मार्युक्का समोर असताना एकदा तरी पहिलं यायचं, हा एकच ध्यास तिने घेतला होता.

आणि एका हिवाळ्यात ते घडलं. मार्युक्का त्या दिवशी पडली नाही, चुकलीही नाही. इर्मेलीच सरस ठरली. नावं पुकारली गेली आणि इर्मेली सवयीने सरळ माझ्यावर येऊन उभी राहिली! मार्युक्काही सवयीने वरच्या पायरीवर चढली. सगळे लोक हसायला लागले.

"अगं बाई, इकडे ये की! आज ही जागा तुझी आहे," मार्युक्का म्हणाली.

"ते माझ्या पायांना कोण सांगणार?" इर्मेली रडता रडता हसली.

दोघींनी जागा बदलल्या. मार्युक्काचे पाय काही केल्या माझ्या खाचांत बसेनात. टाळ्या सुरू झाल्या, त्याही वरच्या पायरीकडे. ती हळूच म्हणाली, "इथं इतकं एकटं वाटतं होय गं?"

"हात दे," इर्मेली म्हणाली. "होते सवय."

त्यानंतर इर्मेली माझ्यावर कधीच चढली नाही. मला आनंद झाला, खरंच झाला. पण ओळखीचे पाय तेवढेच होते हो माझे.

पुढे गालिच्याचा नवा मंच आला. थोरली बहीण दारापाशी शोभेला ठेवली आहे. धाकटीचं सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, भट्टीत सरपण झालं. मी कोठीत पडून आहे, अंगावर रंगाचे डबे घेऊन.

मित्रांनो, पहिल्याचं नाव पुकारून झालं की हात लगेच खिशात घालू नका. आणि कधी मला रंगवायला बाहेर काढलंत, तर माझ्या त्या दोन खाचा मात्र बुजवू नका. ती जागा राखून ठेवायचं कबूल केलेलं आहे.