लॅमंडांच्या स्वयंपाकघरातलं फडकं

मी एक फडकं बोलतोय. पुसायचं नव्हे, डंपलिंग नावाचा गोड केक उकडायला बांधायचं. मैदा, चरबी, मनुका, दालचिनी आणि काकवी एकत्र कालवून माझ्यात बांधायची आणि चार तास उकळत्या पाण्यात सोडायची, एवढंच माझं आयुष्यभराचं काम. आता तेही राहिलं नाही.

जन्मानं मी पिठाची पिशवी. डंडी या स्कॉटिश शहरात, हिलटाउनच्या चढावर नेटी लॅमंड राहायची. तागाच्या गिरणीत मागावर काम करून तिचे कान अधू झाले होते, पण बोटं तल्लख होती. तिनं मला उसवलं, उकळून पांढरं केलं, चारी कडांना टीप घातली. गिरणी बंद पडल्यावर तिनं घराखालच्या गाळ्यात खाणावळ काढली. पुढे व्हिस्कीचा बार, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या भिंतीत ताटं सरकवायला एक खिडकी. त्या खिडकीशेजारच्या खिळ्यावर माझा मुक्काम.

नेटी थकली तशी तिच्या मुलांनी खाणावळ वाटून घेतली. पुढची बाजू लॅकलनकडे. कुठली व्हिस्की धुरकट, कुठली मधासारखी, कुठलीत पाण्याचे किती थेंब घालायचे, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सावकाश सांगायचा. बर्फ मागितला तर त्याचा चेहरा पडायचा. मागची बाजू धाकट्या इशबेलची. बार्लीचं सूप, ओटच्या पिठात घोळवून तळलेले हेरिंग मासे, आणि मेंढीच्या काळजाचं हॅगिस, सोबत सलगम आणि बटाटा कुस्करून. दोघांची लग्नं झाली नव्हती. दिवसभर खिडकीतून एकमेकांची टिंगल करायची, हाच त्यांचा विरंगुळा.

मग नेटी आजारी पडली. वरच्या खोलीत सहा आठवडे अंथरुणावर होती. शेवटी तिला गिळता येईना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, तोंडात काही घालू नका, नुसते ओठ ओले करा. एके दुपारी तिनं लॅकलनकडे व्हिस्कीचा एक घोट मागितला. त्यानं चमचाभर व्हिस्कीत पाणी घालून पाजली. ती हसली, जरा खोकली, आणि दिवस मावळायच्या आत गेली.

इशबेल जिना उतरून खाली आली. लॅकलन तो चमचा धूत होता. ती म्हणाली, "आईला तू मारलंस."

त्यानं चमचा पुसला, जागच्या जागी ठेवला आणि पुढे बारमध्ये गेला. त्या दिवसानंतर तो तिच्याशी एक शब्दही बोलला नाही.

आठवड्यानं डॉक्टरीणबाई जेवायला आल्या. मुद्दाम स्वयंपाकघरात डोकावून त्यांनी इशबेलला समजावलं, की त्या चमच्यानं काही बिघडलं नव्हतं, नेटीची वेळच आली होती. इशबेलनं हात पुसले. खिडकीपलीकडे, दोन हातांवर, लॅकलन ग्लास पुसत उभा होता. तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं. गर्दी ओसरल्यावर सांगू, असं तिला वाटलं असावं. गर्दी ओसरली, खाणावळ बंद झाली, दिवस गेले. अशी अकरा वर्षं गेली.

एक वॉटी गेमल होता म्हणून धंदा चालला. हा निवृत्त बसड्रायव्हर रोज दुपारी खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचा. लॅकलन त्याला विचारायचा, वॉटी इशबेलला विचारायचा, ती वॉटीला सांगायची. एकदा तो वैतागून म्हणाला, "तीस वर्षं बस चालवली, प्रवाशांची नाही नाही ती भांडणं ऐकली. पण तुमच्यासारखं बिनआवाजाचं भांडण कुठल्याच रूटवर भेटलं नाही." इशबेलनं त्याच्या ताटात एक बटाटा जास्तीचा टाकला. पलीकडे लॅकलननं त्याचा ग्लास भरला.

शहरात अस्सल स्कॉटिश जेवण आणि व्हिस्की कुठे मिळेल, यावर एका वर्तमानपत्रात लेख आला होता, त्यात या खाणावळीचं नाव होतं. वॉटीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. लिहिणाऱ्या बाईंना इथली शांतता फार आवडली होती. या भावाबहिणीला शब्दांची गरजच पडत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. वॉटीचा आवाज तिथे अडखळला. मग त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

नऊ नोव्हेंबर हा लॅकलनचा वाढदिवस. त्या दिवशी इशबेल पहाटे उठून मला गरम पाण्यात बुडवायची, पिळायची, वर पीठ भुरभुरवायची. डंपलिंग शिजलं की मला सोडवून ते विस्तवापुढे वाळवायची, साय धरावी तशी वर काळपट साल धरेपर्यंत. पहिला काप खिडकीतून पुढे जायचा. संध्याकाळी तो जसाच्या तसा परत यायचा. एरवी कोणी ताटात काही टाकलं तर ती चिडायची. हा काप मात्र ती मुकाट्यानं वॉटीला बांधून द्यायची.

अकराव्या वर्षी ताटली परत आली तेव्हा कापाचा एक कोपरा तुटलेला होता. ती बराच वेळ ताटलीकडे बघत राहिली. वॉटीला म्हणाली, ख्रिसमसची गर्दी संपली की मी त्याच्याशी बोलणार आहे.

गर्दी संपली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी बाटल्या लावताना लॅकलन कोसळला. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती.

इशबेलनं त्याच दिवशी डंपलिंग करायला घेतलं. दुसऱ्या दिवशी मला धुऊन, माझ्यातच ते गुंडाळून ती इस्पितळात गेली. त्याला गिळता येत नव्हतं, हे तिला तिथे कळलं. मी तिच्या मांडीवर होतो. तिचे हात माझ्या कडा चुरगाळत होते.

"लॅकलन," ती म्हणाली, "तुझी चूक नव्हती. मला आठवड्यातच कळलं होतं. मी सांगितलं नाही."

त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. म्हणाला, "बरं, बरं."

ती रडली, अकरा वर्षांचं रडली. त्याचा हात तिनं गालाला लावला. तेवढ्यात नर्स इंजेक्शन घेऊन आली. जरा दुखेल हं, म्हणाली. तो तिच्याकडे तसंच बघून म्हणाला, "बरं, बरं." मग फरशी पुसणाऱ्या बाईंनी खुर्ची सरकवू का विचारलं. "बरं, बरं."

नर्सनं इशबेलला हलक्या आवाजात सांगितलं, की त्याच्याजवळ आता एवढाच शब्द उरलाय, तो सगळ्यांना हेच म्हणतो. त्याला काय कळतं नि काय नाही, हे आम्हालाही सांगता येत नाही.

ती रोज जात राहिली. रोज तेच सांगत राहिली, कधी हळू, कधी मोठ्यानं, कधी लहान मुलाला समजवावं तसं. रोज तेच उत्तर मिळालं. मार्चमध्ये तो गेला.

खाणावळ बंद झाली. वॉटीला त्याच्या मुलीनं ॲबर्डीनला नेलं. इशबेल वरच्या खोलीत राहते, पावावर काहीतरी लावून खाते. मला तिनं दाराखालच्या फटीत कोंबलंय, टे नदीवरून येणारा गार वारा अडवायला. माझी टीप उसवली आहे, मधोमध विरलो आहे. आता मला कोणी उकळलं तर मी फाटेन. म्हणून कशासाठीच गळ घालत नाही.

फक्त एवढं सांगतो, की ती हल्ली दिवसभर बोलते. चहा करताना बोलते, खिडकी पुसताना बोलते, लॅकलन, लॅकलन करत अकरा वर्षांतलं राहिलेलं सगळं बोलते. मधेच थांबते, कान देते. खोलीत तेव्हा दाराखालच्या वाऱ्याचाच काय तो आवाज असतो. आणि तोही अडवायला मला ठेवलंय.