थेंबकाकांची नवी बाटली

मित्रांनो, मी एक जुना संशयखोर आहे. पिवळ्या रंगाचा, दुहेरी पत्र्याचा, तीन कप्प्यांचा. लोक मला कपाट म्हणतात. माझ्या दारावर लाल ज्वाळेचं चित्र आहे. ते बघून शहाणा माणूस दोन पावलं मागे सरतो. जो सरत नाही, त्याच्यावर मी नजर ठेवतो.

हा स्वभाव मला जन्मतःच मिळाला. मला घडवणाऱ्या वेल्डरचा कशावरच विश्वास नव्हता. त्यानं पत्र्याच्या दोन भिंती जोडून मध्ये पोकळी ठेवली, कारण बाहेरची आग आत यायला बघणारच. तळाशी उंच काठाची परात बसवली, कारण बाटली कधीतरी फुटणारच. दाराला स्प्रिंग लावताना तो आपल्या भागीदाराला म्हणाला, “माणूस दार लावायला विसरतो. म्हणून दारानंच लक्षात ठेवायचं.” मी ते वाक्य मनाशी घट्ट धरून ठेवलं.

तिथून मी थेट एका प्रयोगशाळेत आलो. गुराढोरांच्या खाद्याचे नमुने तिथं तपासायला येतात. खाद्यात चरबी किती आहे हे कळायला त्याचा भुगा ईथरमध्ये भिजवतात. चरबी ईथरमध्ये उतरते. मग ते ईथर काचेच्या फ्लास्कमध्ये घेऊन गरम पाण्यावर ठेवतात. ईथर उडून जातं, चरबी तळाशी राहते आणि तिचं वजन करतात. काम सोपं, पण हे ईथर मात्र पक्कं दगाबाज. दिसायला पाण्यासारखं, वासाला गोडसर. झाकण जरा सैल राहिलं की त्याची वाफ निसटते. ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते. खोलीच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या बटणात ठिणगी उडाली, तरी ती तिथं पेटते आणि आग आल्या वाटेनं बाटलीपर्यंत परत येते. असल्या पाहुण्याला मी पोटात सांभाळायचं, म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसणं आलंच.

मी सगळ्यांवर संशय घेतला. साहेबांच्या खोलीतल्या जुन्या फ्रिजवर घेतला, कारण एकदा कुणीतरी ईथरची बाटली थंड राहावी म्हणून त्यात ठेवली होती आणि फ्रिजच्या आतही ठिणगी उडतेच. फरशी पुसणाऱ्या मावशींच्या नायलॉनच्या साडीवर घेतला. ती घासून चुरचुर ठिणग्या सोडायची आणि मला धडकी भरायची. वीजवाल्यावर तर मी त्याच्या पिशवीसकट संशय घेतला.

एकाच माणसावर कधी घेतला नाही. ते म्हणजे आमचे थेंबकाका. बाटल्यांचं भांडार त्यांच्याकडे, माझी किल्लीही त्यांच्याच गळ्यात. एक थेंब वाया जाऊ देत नाहीत म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं. साहेबांनी भर सभेत त्यांना कौतुकाचा कागद दिला होता आणि तो काकांनी माझ्या शेजारच्या भिंतीवर लावला होता. रोज सकाळी ते फडक्यानं माझं दार पुसायचे आणि म्हणायचे, “काय, बरं आहे ना?” कुणी इतक्या मायेनं विचारलं की आपणही विरघळतो. मी तर साधा पत्रा.

आमच्याकडे एक नियम होता. बाटली उघडली की चिठ्ठीवर त्या दिवसाची तारीख घालायची, आणि तीन महिन्यांनी उरलेलं ईथर रसायनं नष्ट करणाऱ्या लोकांकडे पाठवायचं. काका तारीख घालायचे, अगदी सुवाच्य अक्षरात. पण बाटली तळाशी आली किंवा तीन महिने भरत आले, की ते नवी बाटली उघडायचे, काचेचं नरसाळं लावायचे आणि जुन्या बाटलीत उरलेलं ईथर त्या नव्या बाटलीत ओतायचे. विरजण लावावं तसं, थोडं जुनं नव्यात. ओतताना ते गुणगुणायचे. मी हे अकरा वर्षं बघितलं आणि मला त्यात कौतुकाशिवाय काही दिसलं नाही.

पूर्वी काम भरपूर होतं, बाटली पंधरवड्यात संपायची, त्यामुळे निभावलं. पुढे बरेचसे नमुने एका नव्या यंत्राकडे गेले आणि ईथर माझ्या पोटात नुसतं बसून राहू लागलं.

अशात काकांची मुलगी रसायनतज्ज्ञ म्हणून इथं आली. घरात ते तिचे बाबा, पण इथं तीही सगळ्यांसारखी ‘काका’ म्हणायची. ते तिला ‘मॅडम’ म्हणायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे. मला मात्र ती पहिल्या दिवसापासून खटकली. दिवसातून चारदा माझं दार उघडायची. बाटल्या उजेडाकडे धरायची, झाकणांभोवती बघायची. तिच्याकडे कागदाच्या बारीक पट्ट्या होत्या. पट्टी ईथरमध्ये बुडवायची आणि रंग बदलतो का हे बघत बसायची. ही पोरगी कसल्या मागावर आहे? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

शेवटी एक दिवस तिनं काकांनी नुकतीच ठेवलेली बाटली हातात घेतली आणि पट्टी काढली. काकांचा चेहरा उतरला.

“आठ दिवसांपूर्वीची तारीख आहे त्यावर,” ते म्हणाले. “माझं अक्षर ओळखत नाहीस?”

“तसं नाही, काका. सगळ्याच बाटल्या तपासतेय.”

“सगळ्या तपास. पण मी घातलेली तारीख खोटी असेल असं वाटत असेल, तर ही किल्ली घे आणि तूच सांभाळ.”

पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि पट्टी खिशात परत ठेवली. मला फार बरं वाटलं. बरी जिरली, असंही वाटलं. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तीन दिवसांनी, दुपारची गोष्ट. त्याच बाटलीतलं ईथर फ्लास्कमध्ये होतं. हवा बाहेर ओढणाऱ्या काचेच्या कप्प्यात, गरम पाण्यावर, ते उडत चाललं होतं. तळाशी अगदी थोडं राहिलं होतं. मुलगी काचेपुढे उभी होती, हातात चिमटा होता. काका माझा कप्पा पुसत होते. साहेब टेबलाशी काहीतरी लिहीत होते. मावशी दारात बादली घेऊन थांबल्या होत्या.

“एवढी जवळ उभी राहतेस, भीती नाही वाटत?” मावशींनी विचारलं.

“ईथर जुनं असतं तर वाटली असती,” ती म्हणाली. “उघडलेलं ईथर बरेच दिवस राहिलं की हवेमुळे त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. ईथर भरपूर असतं तोवर तो त्यात पातळ असतो. ईथर उडालं की तळाशी तेवढाच उरतो. मग फ्लास्क नुसता उचलला तरी फुटू शकतो. पण ही बाटली नवी आहे. काकांनी तारीख घातलीय.”

माझ्या कप्प्यावरचं फडकं थांबलं.

मित्रांनो, काकांना हे ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की जुन्या ईथरचा जोर कमी होतो, म्हणून ते टाकून देतात. जोर कमी झालेलं चांगल्यात मिसळलं तर बिघडलं कुठे? कारण कधी कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

त्यांचा हात माझ्या पत्र्यावर होता. समोर साहेब, भिंतीवर कौतुकाचा कागद, महिनाभरानं निरोपाची सभा. गप्प राहिले असते तर कदाचित काही झालंही नसतं. मला खरंच वाटलं की ते गप्प राहणार. मुलीनं काच वर सरकवली आणि चिमटा आत नेला.

“थांब,” काका म्हणाले. “हात लावू नकोस त्याला.”

“काय झालं, काका?”

“बाटली नवी आहे. आतलं ईथर नवं नाही.” त्यांनी फडकं खाली टाकलं. “मी जुनं ओततो त्यात. दर वेळी ओततो. मागे सर, पोरी.”

साहेबांची लेखणी थांबली. मुलगी ओरडली नाही, पळाली नाही. तिनं चिमटा हळूच बाहेर काढला, काच खाली ओढली आणि सगळ्यांना बाहेर पाठवलं. मागोमाग तीही गेली. बाहेरच्या मुख्य बटणानं वीज बंद झाल्याचा आवाज मी ऐकला. मग खोलीत तो फ्लास्क आणि मी, दोघंच. त्या दोन तासांत मी जितका घाबरलो तितका आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

संध्याकाळी जाड हातमोजे आणि चेहऱ्यावर ढाल लावलेली दोन तज्ज्ञ माणसं आली. त्यांनी माझ्यातल्या बाटलीत पट्टी बुडवली. ती क्षणात गडद निळी झाली, म्हणजे तो स्फोटक पदार्थ भरपूर होता. त्यातला एकजण दुसऱ्याला म्हणाला, “फ्लास्क तसाच चिमट्यानं उचलला असता, तर ती मुलगी आपल्याला भेटली नसती.” फ्लास्कच्या तळाचा पदार्थ त्यांनी आधी पातळ केला, मग फ्लास्क आणि बाटली तान्ह्या मुलासारखी जपून नेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी घडलेलं लिहून मागितलं. मुलगी माझ्यासमोरच्या टेबलाशी बसली. चूक कुणाची, या रकान्यात तिनं काकांचं नाव लिहिलं. खाली स्वतःचं लिहिलं, आणि पुढे, ‘तपासणी केली नाही.’ काका मागे उभे राहून वाचत होते. त्यांनी तिच्या हातून पेन घेतलं आणि तिचं नाव खोडलं.

“तुझी काय चूक? मीच रागावलो.”

“तुम्ही रागावलात म्हणून मी घाबरले, बाबा. रसायनाला घाबरायचं सोडून तुम्हाला घाबरले.” तिनं पेन परत घेतलं आणि नाव पुन्हा लिहिलं. या वेळी काकांनी ते खोडलं नाही. काकांचे डोळे भरून आले होते.

मित्रांनो, त्या रकान्यात आणखी एक नाव हवं होतं. माझं. साऱ्या जगावर संशय घेण्यात मी आयुष्य घालवलं, आणि ज्या हातातून धोका रोज माझ्या पोटात येत होता, त्या हातावर प्रेम करत राहिलो. उद्या तुम्हीही एखाद्या प्रयोगशाळेत उभे राहाल. झाकण घट्ट लावा, ज्योत आणि ठिणगी दूर ठेवा, उरलेलं मोरीत ओतू नका आणि नव्यात तर मुळीच नको. आणि बाटलीवरची तारीख तुमच्या सगळ्यांत लाडक्या माणसानं घातली असेल, तर त्याच्यासमोरच ती बाटली तपासा. तो रुसेल. रुसू दे. रुसायला तो असेल आणि समजूत काढायला तुम्ही असाल.