विटकरी साडीची घडी

मंजुळाबाईनं जितकी लग्नं पाहिली तितकी एखाद्या भटजीनंही लावली नसतील. फक्त तिनं ती सगळी मागच्या बाजूनं पाहिली. जालना रोडवरच्या एका मंगल कार्यालयात ती भांडी घासायची. पुढं मंगलाष्टकं चालायची आणि मागं पत्र्याच्या शेडखाली हिच्या पुढ्यात कढया-पातेली येऊन आदळायची. कोणत्या लग्नात नवरी रडली ते तिला ठाऊक नसायचं, पण कोणत्या लग्नात भात करपला होता ते ती वर्षानंतरही सांगू शकली असती. इतक्या लग्नांत एकाही अल्बमात तिची सावलीसुद्धा आलेली नव्हती. याचं तिला वाईट वाटायचं असंही नाही. भांडी घासणाऱ्या बाईचा फोटो कोण कशाला काढील?

काढणारा एक निघाला. त्याचं नाव बद्रीनाथ. करमाडकडचा पोरगा, घरची शेती थोरला भाऊ बघायचा आणि हा शहागंजातल्या एका फोटो स्टुडिओत लग्नांचं शूटिंग करायचा. पोट लग्नांवर भरायचं, पण डोक्यात खूळ होतं छोट्या सिनेमांचं. नाच नाही, गाणं नाही, हाणामारी नाही. ज्यांच्याकडं कुणी वळून बघत नाही अशा माणसांवरचे दहा-पंधरा मिनिटांचे सिनेमे. एका लग्नात पाणी प्यायला म्हणून तो शेडकडं आला आणि मंजुळाबाईला बघत उभाच राहिला. ती अर्धी कढईत शिरून तळ खरवडत होती.

"मावशी, तुमच्यावर एक पिच्चर करायचाय," तो म्हणाला.

मंजुळाबाई कढईतून बाहेर आली. "माझ्यावर? माझ्यात काय हाय बघण्यासारखं?"

"एका लग्नाचा एक दिवस दाखवायचा. पण पुढचा नाय, हा मागचा. तुम्ही आपलं रोजचं काम करायचं, बस."

"भांडे घासायचा बी पिच्चर असतो व्हय?" असं म्हणून ती हसली खरी, पण नाही काही म्हणाली नाही.

मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या गल्लीत तिचं घर. नवरा मुंजाबा. त्याच्या वाडवडलांनी जन्मभर मेंढरं वळली. यानं ती विकून शहर गाठलं आणि आता एका गोदामाच्या दाराशी खुर्ची टाकून वॉचमनकी करत होता. मेंढरं निदान हलतात तरी, गोदाम जागचं हलत नाही, अशी त्याची कायमची तक्रार. बायको सिनेमात जाणार हे ऐकून त्यानं दाढी करून घेतली. त्याला कुणी बोलावलेलं नव्हतं.

मंजुळाबाईला मात्र वेगळाच घोर लागला. साडीचा. शूटिंग म्हटलं की साडी बदलायची, हे शास्त्र ती लग्नाच्या मागच्या दारातून शिकली होती. हळदीला एक, अक्षतांना दुसरी, जेवणावळीला तिसरी. तीच साडी पुन्हा कॅमेऱ्यात आली तर बघणाऱ्या बाया नावं ठेवतात, हे तिनं आपल्या कानांनी ऐकलेलं होतं. बद्रीनाथनं तर सांगितलं होतं की शूटिंग थोडं थोडं, चार-पाच तिथींना होईल. आणि हिच्या पत्र्याच्या पेटीत धड म्हणावी अशी एकही साडी नव्हती.

मग गल्ली मदतीला धावली. कोपऱ्यावर भाजी विकणारी साळूबाई भाऊबिजेची निळी साडी घेऊन आली. म्हाताऱ्या आवडाबाईनं लेकाच्या लग्नातली हिरवी काढून दिली. दोघींची अट एकच: साडी पिच्चरमध्ये दिसली पाहिजे. "दिसंल की, न दिसाया काय झालं?" असं मंजुळाबाईनं छातीठोकपणे सांगून टाकलं.

तिसरी साडी आली ती समोरच्या दारातून, आणि ती येईल असं गल्लीत कुणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. समोर पुतळाबाई राहायची. मंजुळाबाईहून थोडी वडील, एकेकाळी जिवाभावाची. पण दोन वर्षं झाली, दोघींचं बोलणं बंद होतं. पुतळाबाईच्या कावेरीचं लग्न गावाकडं होतं आणि त्याच दिवशी, दाट तिथीमुळं, मंजुळाबाईला कार्यालयातून कुणी सोडलं नाही. "जगाच्या लग्नाला जाती, माझ्या लेकीच्या नाय आली," एवढं एक वाक्य बोलून पुतळाबाईनं तोंड फिरवलं ते फिरवलं. मंजुळाबाईनं किती समजावलं. पण दुखावलेल्या आईला तिथीचं गणित कळत नाही.

तीच पुतळाबाई आता दारात उभी होती, हातात कागदात गुंडाळलेली विटकरी रंगाची साडी.

"कावेरीच्या लग्नात व्याह्यांनी मानाची दिली व्हती," ती भिंतीकडं बघत म्हणाली. "नेसलेच नाय मी. तू मोड घडी."

नव्या साडीची घडी कुणाच्याही अंगावर मोडत नाहीत. जिच्यावर जीव असतो, तिलाच ती पहिल्यांदा नेसायला देतात. मंजुळाबाईला हे सांगायला नको होतं. तिनं साडी दोन्ही हातांनी घेतली, छातीशी धरली आणि इतकंच म्हणाली, "आक्का, पिच्चरात लई झ्याक दिसंल ही." दोन वर्षांत पुतळाबाई पहिल्यांदा तिच्याकडं बघून हसली.

शूटिंग सुरू झालं. बद्रीनाथ पुढं नवरा-नवरीचं शूटिंग करायचा आणि मधल्या फटीत मागं पळत यायचा. तेवढ्यात मंजुळाबाई कोठीखोलीत जाऊन साडी बदलायची, वरून कमरेला प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळायची आणि कढईपुढं बसायची. तो गेला की पुन्हा आपली जुनी साडी. एका तिथीला निळी, एका तिथीला हिरवी, एका तिथीला विटकरी. बद्रीनाथला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. बिचाऱ्याचा सगळा जन्म लग्नांच्या शूटिंगमध्ये गेलेला. बाई साडी बदलून आली की हा फक्त उजेड बदलायचा.

वावगं दिसलं ते स्टुडिओत कॉम्प्युटरपुढं बसणाऱ्या सूर्यभानला. त्यानं तुकडे जोडायला घेतले आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बद्री, एका दिवसाची गोष्ट ना ही? बाई पातेलं उचलती निळ्या साडीत, विसळती हिरव्यात आन् पालथं घालती विटकरीत. जादू हाय का काय?"

दुसऱ्याच दिवशी बद्रीनाथ तोंड पाडून मंजुळाबाईकडं आला. सगळं समजावून सांगितलं. पुण्यातल्या एका महोत्सवाला सिनेमा पाठवायचा होता आणि सीझनच्या तीनच तिथी उरल्या होत्या. "चूक माझीच हाय, मावशी. पण सगळं परत घ्यावं लागंल. तुमच्या रोजच्या साडीत. आधीचं काढून टाकू."

"आधीचं सगळंच?"

"सगळंच."

मंजुळाबाईच्या डोळ्यांपुढं गल्लीतली दारं आली. साळूबाई आणि आवडाबाई चार दिवस चिडवतील आणि विसरतील, त्याचं काही नाही. पण पुतळाबाई? दोन वर्षांनी जुळलेलं बोलणं त्या साडीच्या पदरालाच तर बांधलेलं होतं. 'माझ्या लेकीच्या लग्नाला आली नाय, आन् मानाच्या साडीची घडी मोडून ती बी वाया घालवली,' असं ती म्हणणार. म्हटलं नाही तरी मनात धरणार, आणि ते तर जास्तच वाईट. मग या जन्मात काही ते दार उघडायचं नाही.

तिनं बद्रीनाथला सगळं सांगितलं. रडली नाही, पण आवाज काही जागेवर राहिला नाही. शेवटी म्हणाली, "तू म्हणशील ते नेसते, भाऊ. तुझ्या कामाचा खोळंबा नाय करायची. पर त्या बायांना तूच सांग. माझ्याच्यानं व्हायचं नाय."

बद्रीनाथ सांगायला म्हणून गल्लीत शिरला. साळूबाईनं चहा पाजला. आवडाबाईनं विचारलं, माझ्या साडीचा काठ आला का नीट? पुतळाबाईनं काहीच विचारलं नाही. मंजुळाबाईनं परत केलेली ती विटकरी साडी तिनं धुऊन, इस्त्री करून आणली होती, ती फक्त त्याच्यापुढं धरून म्हणाली, "अजून लागली तर ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी." बद्रीनाथनं चहा संपवला, कपबशी खाली ठेवली, "येतो" म्हणाला आणि निघून गेला. मंजुळाबाई आपल्या दारातून हे सगळं बघत होती. पोरगं नुसतंच चहा पिऊन गेलं हे तिला कळलं, पण त्यानं ठरवलं काय ते काही कळलं नाही.

त्यानंतर तो पुढच्या तिथीला आला, पण मंजुळाबाईचं शूटिंग काही घेतलं नाही. कार्यालयाच्या दारातल्या पाटीचं कसलंतरी घेत बसला. उरलेल्या दोन तिथींनाही तेच. मागं आला तो पाणी पिऊन गेला. मंजुळाबाईनं मनाशी समजून घेतलं की पोरानं नाद सोडला. पुतळाबाई दारात दिसली की ती घाईघाईनं केर काढायला लागायची. इतका केर त्या घरात कधी निघाला नव्हता.

आणि एका रविवारी दिवेलागणीला बद्रीनाथ प्रोजेक्टर घेऊन गल्लीत हजर. सोबत सूर्यभान. मुंजाबानं आवडाबाईच्या भिंतीवर पांढरी चादर ठोकली, कोपरा सुटला तर स्वतःच धरून उभा राहिला. बाया पोरंबाळं घेऊन बसल्या. मंजुळाबाईनं बद्रीनाथला बाजूला गाठलं. "काय केलंस रे, भाऊ?"

"बघा तर," तो म्हणाला. त्याचंही तोंड सुकलेलंच होतं.

चादरीवर पहिल्यांदा दिसली ती कार्यालयाची पाटी, फुलांच्या अक्षरांत नवरा-नवरीची नावं. मग सनई. मग मागचं शेड, आणि निळ्या साडीत मंजुळाबाई. "माझी!" साळूबाई उठून उभीच राहिली आणि मागच्यांनी तिला खाली ओढलं. मग पुन्हा पाटी, पण नावं वेगळी. पुन्हा सनई, आणि तीच बाई, तीच कढई, हिरवी साडी. आवडाबाईनं शेजारणीच्या मांडीवर थाप मारली. पुन्हा पाटी, पुन्हा नवी नावं. आणि मग अख्खी चादर विटकरी झाली. मावळतीचं ऊन पडलेलं, पदराचा काठ चमकतोय आणि मंजुळाबाई पातेलं पालथं घालते आहे. बद्रीनाथनं एका दिवसाची गोष्ट टाकून देऊन सगळ्या सीझनची गोष्ट केली होती. नवऱ्या बदलत होत्या, साड्या बदलत होत्या, कढई काही संपत नव्हती.

मंजुळाबाईनं चोरून पुतळाबाईकडं बघितलं. तिच्या तोंडावर चादरीचा उजेड पडला होता आणि ती पापणी न हलवता बघत होती. मंजुळाबाईला बद्रीनाथचे पाय धरावेसे वाटले. कोण कुठला करमाडचा पोरगा, स्वतःचा पिच्चर मोडून हिचा शब्द राखला त्यानं. वाटलं, जन्मभर या पोराचं नाव घ्यावं.

पण सिनेमा संपला नव्हता. पुढचं चित्र तिनं कधी दिलेलंच नव्हतं. शूटिंग संपलं असं समजून ती जुन्या, विटलेल्या साडीत शेडच्या खांबाला टेकून जेवत बसली होती. पुढं वरात निघालेली, बँड ऐकू येतोय. हिच्या ताटात तळाचा भात आणि वाटीभर गार वरण. बोटं पाण्यानं सुरकुतलेली. एका घासाला तिचा डोळा लागला, मान खाली पडली, पुन्हा सावरून तिनं घास घेतला. बराच वेळ नुसतं तेवढंच. ही साडी कुणाची, असं कुणी विचारलं नाही.

प्रोजेक्टर बंद झाला. पोरं ओरडायला लागली, बाया बद्रीनाथभोवती जमल्या. पुतळाबाई उठून मंजुळाबाईपाशी आली.

"कावेरीच्या लग्नाच्या दिवशी बी अशीच जेवली व्हती का गं तू?"

मंजुळाबाईनं जरा आठवून पाहिलं. "त्या दिवशी लई पंगती झाल्या, आक्का. माझं आवरस्तोवर भात संपला व्हता."

पुतळाबाईनं पदरानं नाक पुसलं, दोन पावलं गेली आणि वळली. "उद्या दुपारी माझ्याकडं ये. लग्नाचं जेवण ऱ्हायलंय तुझं."

दुसऱ्या दिवशी मंजुळाबाई गेली तर पाट मांडलेला, ताटाभोवती रांगोळी. वरण-भात, वांग्याची भाजी, पोळ्या आणि हलवायाकडून आणलेली बुंदी. पुतळाबाई वाढायला उभी राहिली आणि लग्नातल्या यजमानणीनं करावा तसा आग्रह करू लागली. नको म्हटलं की आणखी वाढायची. गरम भातावर तूप पडलं तेव्हा मंजुळाबाईचा हात ताटाशीच थांबला. आपल्याला कुणी वाढतंय आणि आपण बसून खातोय, याची तिला सवयच नव्हती. कुणाकुणाचे उपकार मानावेत तेच तिला कळेना. बद्रीनाथचे, साळू-आवडाचे, का या समोर उभ्या असलेल्या हट्टी बाईचे? तिनं भरल्या डोळ्यांनी भात कालवला.

जेवण झालं आणि ती सवयीनं ताट उचलून मोरीकडं निघाली. पुतळाबाईनं ते हातातून काढूनच घेतलं.

"खाली बस. लग्नात पाहुणे ताट घासत नसतात."

मंजुळाबाई पुन्हा पाटावर बसली. मोरीतून ताट घासल्याचा आवाज येत होता. काठ काही नीट घासले जात नव्हते, ते तिला बसल्या जागी ऐकूनच कळत होतं. पण ती काही बोलली नाही.